शेजारच्या जंतूने केला घात : वाल्डेमार हाफकिन यांची कहाणी

महागावसारख्या तालुक्याच्या गावातही हाफकिन हे नाव अनोळखी नाही. पोलिओच्या डोसाच्या निमित्ताने ते कानावर पडते. सरकारी दवाखान्यांतील औषधांच्या खरेदीच्या बातम्यांतही काही वर्षे ते सतत छापून येत होते. परळची ही संस्था ज्यांच्या नावाने उभी आहे, ते वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन कोण होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पटकी आणि प्लेग या दोन महामाऱ्यांवर त्यांनी लस शोधली आणि दोन्ही लसी आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतल्या.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे प्राणिशास्त्राचे गुरू लाभले. त्या काळात ज्यूंवर हल्ले होत. १८८१च्या दंगलीत एका ज्यू घराच्या रक्षणासाठी उभे राहिलेले हाफकिन जखमी झाले. पुढे प्राध्यापकीचा प्रश्न आला तेव्हा धर्म बदलण्याची अट घालण्यात आली. त्यांनी ती नाकारली आणि काही वर्षे प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील पदावर काढली. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचले. तेथे मेचनिकोव्ह होतेच, पण जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी तीही घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम केले.

त्यांचे सुरुवातीचे संशोधन पॅरामेशियम या एकपेशीय जिवावर होते. डबक्यातल्या या सूक्ष्म जिवालाही जंतूंची लागण होते आणि ते जंतू थेट त्याच्या पेशीकेंद्रात राहतात, हे त्यांनी १८९० मध्ये मांडले. सूक्ष्म जीव एकमेकांच्या अंगावर जगतात, हे त्यांना तेव्हापासून माहीत होते.

मग ते पटकीकडे वळले. पटकीचे जंतू गिनिपिगच्या पोटात एकामागून एक ३९ वेळा वाढवून त्यांनी त्यांची तीव्रता वाढवली. दुसरीकडे त्याच जंतूंचा सौम्य प्रकार तयार केला. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी सौम्य जंतूंची लस स्वतःला टोचली आणि काही दिवसांनी तीव्र जंतूंची. ताप आला, टोचल्या जागी दुखले, पण ते बरे झाले. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यात उतरले. १८९५ पर्यंत त्यांनी हिंदुस्थानात ४० हजारांहून अधिक लोकांना ही लस टोचली. शेवटी मलेरियाने बेजार होऊन त्यांना युरोपात परतावे लागले.

त्याच सुमारास मेचनिकोव्ह यांना एक वेगळेच कोडे पडले होते. त्यांनी स्वतः पटकीचे जंतू पिऊन पाहिले, पण त्यांना काही झाले नाही. तोच प्रयोग करणारा दुसरा एक जण मात्र मरता मरता वाचला. जंतू तोच असताना परिणाम वेगळा का व्हावा? मेचनिकोव्ह यांनी काचेच्या बशीत पटकीच्या जंतूंशेजारी इतर जंतू वाढवले. काही शेजाऱ्यांमुळे पटकीचा जंतू फोफावला, तर काहींमुळे खुंटला. आतड्यात आधीपासून राहणारे जंतूच पाहुण्या जंतूचे भवितव्य ठरवतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मात्र शेजारी नेमके काय करतात, हे पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग फुटला आणि ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना तेथे बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यात ते प्लेगचे जंतू वाढवत. बाटली हलवली नाही तर या थेंबांपासून जंतूंचे झुंबर खाली लोंबू लागे. असे झुंबर हे बाटलीत प्लेगचाच जंतू असल्याची खूण मानले जाई. लस बनवताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. जंतू एकटा हवा, शेजारी नको.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली. टोचलेल्यांमध्ये लागण आणि मृत्यू दोन्ही बरेच कमी आढळले. तो काळ संशयाचा होता. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे लोक चिडले होते आणि जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. अशा वातावरणात हाफकिन यांचा भर सक्तीवर नव्हता, समजावण्यावर होता. आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

आणि मग ज्याची धास्ती होती, तेच घडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतून, लस घेतलेले होते. प्लेगच्या जंतूंबरोबर धनुर्वाताचा जंतू बाटलीत शिरला होता. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले.

चौकशीच्या कागदपत्रांत मात्र वेगळीच गोष्ट होती. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. दोष मुंबईच्या बाटलीतला असता तर उघडताच दुर्गंध आला असता, पण तसे काही आढळले नव्हते. रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले आणि वर्षअखेर हाफकिन निर्दोष ठरले. ते कलकत्त्याला परतले, पण लोकांवर लसीचे नवे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना पुन्हा मिळाली नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात त्यांचे निधन झाले.

मेचनिकोव्ह यांच्या कोड्याचा एक मोठा धागा सापडायला २००६ हे वर्ष उजाडले. हार्वर्डमधील जॉन मेकालानोस यांच्या प्रयोगशाळेत पटकीच्या जंतूच्या अंगात एक शस्त्र सापडले. जंतू आपली प्रथिने पेशीबाहेर सोडण्यासाठी निरनिराळ्या यंत्रणा वापरतात, त्यांतली ही सहाव्या प्रकारची. तिची रचना पोत्यात दाभण खुपसावे तशी आहे. आत टोकदार नळी असते आणि बाहेर ताणलेले आवरण. आवरण एकदम आकुंचन पावले की नळी शेजारच्या पेशीत घुसते. टोकावरची विषारी प्रथिने तिची भिंत विरघळवतात, पडद्याला भोके पाडतात. स्वतःच्या कुळातल्या जंतूंकडे या विषाचा उतारा असतो, त्यामुळे ते वाचतात. ज्याच्याकडे उतारा नाही, तो मरतो.

२०१८ मध्ये उंदरांच्या पिल्लांवरील प्रयोगांत दिसले, की हेच शस्त्र वापरून पटकीचा जंतू आतड्यातल्या मूळच्या जंतूंना मारतो, तेथे ठाण मांडतो आणि रोग तीव्र होतो. तेव्हा आतड्यातले नेहमीचे जंतू म्हणजे एक प्रकारचा पहारा आहे आणि पटकी आधी त्या पहाऱ्यावर हल्ला करते. गरज नसताना घेतलेल्या प्रतिजैविकांनी हा पहारा आपणच उठवतो. म्हणूनच पावसाळ्यात हगवण लागली तर दुकानातून मनानेच गोळ्या आणू नयेत. आधी क्षारसंजीवनी सुरू करावी. जुलाब भाताच्या पेजेसारखे पांढुरके आणि भराभर होऊ लागले तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. विहिरीत ब्लीचिंग पावडर वेळेवर पडते की नाही, यावर गावाने लक्ष ठेवावे.

पटकीचा जंतू मारलेल्या शेजाऱ्याचे जनुकही उचलतो आणि स्वतःच्या अंगी लावून घेतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. हे काम लोझानमधल्या प्रयोगशाळेत झाले, हाफकिन यांनी ज्या गावी अखेरचा श्वास घेतला त्याच लोझानमध्ये.