आचार्य प्रफुल्लचंद्र राय : ज्ञान आणि त्याग

भारतातील आधुनिक रसायनशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा आदराने उल्लेख होतो, त्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी आज बांगलादेशात असलेल्या राडुली या खेड्यात झाला. शिष्यवृत्तीवर ते एडिंबरो विद्यापीठात गेले. १८८७ मध्ये तेथील डी.एस्सी. पदवी संपादन करून पुढील वर्षी ते मायदेशी परतले.

सरकारी शिक्षणखात्यातील वरच्या श्रेणीची दारे मात्र त्या काळी भारतीयांना जवळजवळ बंदच होती. वर्षभराच्या प्रतीक्षेनंतर १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर तात्पुरती जागा मिळाली. हा भेदभाव त्यांच्या मनाला लागला. पण त्यास उत्तर त्यांनी प्रयोगशाळेतून दिले.

पारा व सौम्य नायट्रिक आम्ल यांवर प्रयोग चालू असता एकदा पात्रात अनपेक्षित पिवळे स्फटिक जमले. त्यांकडे दुर्लक्ष न करता त्यांनी कसोशीने पृथक्करण केले. ते मर्क्युरस नायट्राइट हे तोवर अज्ञात असलेले संयुग निघाले. १८९६ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक वर्षे नायट्राइट संयुगे हाच त्यांच्या संशोधनाचा विषय राहिला.

एवढे मोठे संशोधक असूनही नव्या विद्यार्थ्यांचे प्राथमिक वर्ग ते आवडीने घेत व प्रयोग करून दाखवीत शिकवीत. कोवळ्या मनावरील संस्कार टिकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष हे त्यांचेच विद्यार्थी.

तरुणांना नोकरीपलीकडचा मार्ग दिसावा, म्हणून १८९२ मध्ये राहत्या घरी, तुटपुंज्या भांडवलावर त्यांनी औषधनिर्मिती सुरू केली. त्यातूनच १९०१ मध्ये बेंगॉल केमिकल ही कंपनी उभी राहिली.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे स्नेही. दरमहा ८०० रुपये वेतनापैकी केवळ ४० रुपये स्वतःसाठी ठेवून उरलेले लोककार्यास देणारे गृहस्थ, अशी त्यांची ओळख गोखल्यांनी गांधीजींना करून दिली होती. १९१६ मध्ये राय कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात आले. वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर, १९२१ पासून १९३६ मधील निवृत्तीपर्यंतचे सारे वेतन त्यांनी विद्यापीठालाच अर्पण केले.

आजन्म अविवाहित राहिलेल्या आचार्यांचे १६ जून १९४४ रोजी कॉलेजातील आपल्या साध्या खोलीत निधन झाले. संपत्तीचा संचय त्यांनी केला नाही. मागे ठेवली ती विद्यार्थ्यांची थोर परंपरा. मिळविले किती यापेक्षा दिले किती, यावरच माणसाची खरी शिल्लक ठरते, हे त्यांच्या जीवनातून प्रत्ययास येते.