सागवानातला सूक्ष्म हिशेब : जमशेटजी बमनजी वाडिया

बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. मात्र सागवानाची ओळख इथे कुणाला करून द्यावी लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरव्याच्या जंगलात साग उभा आहे आणि जुन्या वाड्यांच्या खांब-चौकटींतून तो आजही भेटतो. या लाकडातून समुद्रावर झुंजणाऱ्या युद्धनौका घडविणारा कारागीर म्हणून जमशेटजी बमनजी वाडिया यांचे नाव जगाच्या नौकाबांधणीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. लाकडी जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करण्याचा छंद असणाऱ्यांना तर हे नाव विशेष जिव्हाळ्याचे वाटावे.

जमशेटजींचे आजोबा लवजी नसरवानजी हे मूळचे सुरतेचे सुतार. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना १७३६ च्या सुमारास मुंबईत आणले आणि त्यांच्या देखरेखीखाली मुंबईची गोदी आकाराला आली. लवजींनी १७७१ मध्ये आपल्या दोन नातवांना, फ्रामजी व जमशेटजी यांना, गोदीत दाखल केले ते अधिकारी म्हणून नव्हे. महिना बारा रुपयांवर साधे सुतार म्हणून त्यांना कामाला लावण्यात आले. ज्याला पुढे शेकडो कारागिरांकडून काम करून घ्यायचे आहे, त्याचा हात आधी रंध्यावर आणि वाकसावर बसला पाहिजे, अशी त्या घराण्याची रीत होती.

वडील व काका यांच्या पश्चात १७९२ मध्ये फ्रामजी आणि जमशेटजी यांच्याकडे गोदीची सूत्रे आली. पुढे कंपनीने जमशेटजींचा गौरव चांदीची मोजपट्टी देऊन केला. चांदीचे मोल खामगावकरांना सांगायला नको. परंतु या भेटीचे मोल चांदीत नव्हते, मापात होते. इंग्लंडमधील ग्रीनिच येथील संग्रहालयात जमशेटजींचे तैलचित्र आहे. त्यातही त्यांच्यासोबत कंपास आणि जहाजाचा आराखडा रंगविलेला दिसतो.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई झाली आणि ब्रिटिश आरमाराचे लक्ष मुंबईच्या सागवानाकडे वळले. प्रारंभी या कामासाठी युरोपीय बांधणीकार पाठविण्याचा विचार होता. पण जमशेटजींची योग्यता लक्षात आल्यावर तो सोडून देण्यात आला. १९ जून १८१० रोजी ७४ तोफांची ‘मिंडेन’ पाण्यात उतरली. ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटनबाहेर बांधलेली या श्रेणीची ती पहिली नौका होय. १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ तयार झाली.

याच सुमारास एक संकट उभे राहिले. पुढील युद्धनौकेचे आराखडे घेऊन मुंबईकडे निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी युद्धनौकेने पाडाव केले आणि आराखडेही गेले. तेव्हा जमशेटजींनी आपल्याच ‘कॉर्नवॉलिस’च्या रेषा आधाराला घेऊन ‘वेलस्ली’ उभारली. ती १८१५ मध्ये जलावतरित झाली. हे काम किती जोखमीचे होते, हे मापावरून कळते. त्या काळी ब्रिटिश आराखडे सामान्यतः एका फुटाला पाव इंच या प्रमाणात काढले जात. म्हणजे प्रत्यक्षाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतके. कागदावर एक षोडशांश इंचाची चूक झाली, की जहाजावर ती तीन इंचांची होते. तिथे फासळी वाकडी जाते, फळी बसत नाही आणि फटीतून समुद्र आत येतो.

ग्रीनिचच्या संग्रहात जुन्या युद्धनौकांच्या ज्या नामांकित प्रतिकृती आहेत, त्यांतील बऱ्याच याच प्रमाणाच्या आहेत. हौशी कारागीरही हे प्रमाण आवडीने स्वीकारतात. त्यासाठी जमशेटजींच्या ‘त्रिंकोमाली’सारखा दुसरा नमुना नाही. तोफांच्या मजल्यावर सुमारे दीडशे फूट लांब असलेली ही नौका या मापात जेमतेम साडेसदतीस इंचांत मावते. प्रत्येक फळी पातळ कापून, वाफेवर किंवा पाण्यात मऊ करून फासळ्यांच्या वळणावर बसवावी लागते. सुंभासारखे दिसणारे दोर सुताच्या जाडीत उतरवावे लागतात. काही महिने मान मोडून काम केल्यावर त्या हौशी माणसाला मूळ कारागिराचा संयम थोडाफार उमगतो.

‘त्रिंकोमाली’चा तळकणा बसविताना पारशी प्रथेप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी तिने पाणी पाहिले. दोन शतके उलटली तरी इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती पाण्यावर आहे. तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून ती ओळखली जाते आणि तिच्यातील बरेचसे सागवान मुंबईत बसविलेलेच आहे.

या कौशल्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ही जहाजे परक्या सत्तेचे बळ वाढविण्यासाठी बांधली गेली. चीनवर लादलेला नानकिंगचा तह १८४२ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’वरच झाला. शिवाय जमशेटजींचे नाव राहिले, तरी त्यांच्या हाताखाली लाकूड तासणाऱ्या असंख्य सुतारांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

३१ ऑगस्ट १८२१ रोजी जमशेटजींचे निधन झाले. त्यांच्या हातची ‘गँजेस’ त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी पाण्यात उतरली. काचेच्या पेटीतील एखादी नौका पाहताना आपण डोलकाठ्या आणि शिडे पाहून हरखतो. पुढच्या वेळी जरा वाकून दोन फळ्यांमधला सांधा पाहावा. तो जुळलेला असेल, तर बारा रुपयांवर रंधा ओढलेल्या त्या सुताराची आणि नाव न राहिलेल्या त्याच्या सोबत्यांची विद्या तिथे आहे, असे खुशाल समजावे.