तिरंदाज इशी

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगरात याही लोक राहत. ते हरणं मारत, मासे धरत. १८४८ साली त्या भागात सोनं सापडलं आणि गोऱ्या लोकांचे लोंढेच आले. त्यांनी जमीन घेतली आणि याही लोकांना बंदुकीनं मारलं. बायका-मुलंसुद्धा सोडली नाहीत. जे थोडे वाचले ते दऱ्यांत लपले. त्यातच इशी होता. ते चाळीसेक वर्षं लपून राहिले!

१९०८ साली जमीन मोजणारे लोक त्यांच्या झोपड्यांपाशी पोचले. बाकीचे पळाले, पण इशीची आई आजारी होती, ती तिथंच पडून राहिली. त्या लोकांनी धनुष्य, टोपल्या, पांघरुणं सगळं उचलून नेलं. आई लवकरच वारली. इशी एकटा उरला.

२९ ऑगस्ट १९११ रोजी तो ओरोव्हिल गावी खाटीकखान्याजवळ सापडला. भुकेनं अगदी खंगला होता. याही माणसं स्वतःचं नाव सांगत नसत. (माझी आजीपण आजोबांचं नाव घेत नाही.) म्हणून क्रोबर नावाच्या प्राध्यापकांनी त्याला इशी म्हटलं. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. खरं नाव कोणालाच कळलं नाही.

पुढं तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वस्तुसंग्रहालयात राहिला. तिथं लोकांना तो धनुष्यबाण करून दाखवी. लाकूड घासून धनुष्य करायचं, त्याच्या पाठीवर हरणाच्या शिरा चिकटवायच्या. बाणाचं टोक काचेसारख्या काळ्या दगडाचं. तो दगड हरणाच्या शिंगानं दाबून दाबून टवके काढायचे. किती नाजूक काम!

डॉक्टर पोप हे त्याचे मित्र. ते इशीकडून तिरंदाजी शिकले. लांबच्या निशाणावर नेम धरण्यात पोप पुढं गेले, पण शिकारीत इशीच वरचढ. तो बोटं ओठाला लावून सशासारखा आवाज काढी, मग जनावर आपणच जवळ येई. मला तर तोच खरा तिरंदाज वाटतो. पोप यांनी १९२३ साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं. ते वाचून अमेरिकेत कितीतरी लोक तिरंदाजी शिकले.

इशीला क्षयरोग झाला. २५ मार्च १९१६ रोजी तो वारला. मित्रांनी त्याच्या शवपेटीत त्याचं धनुष्य आणि पाच बाण ठेवले. पण त्याचा मेंदू काढून दूर वॉशिंग्टनला पाठवला होता. २००० साली तो त्याच्या नात्यातल्या जमातींना परत मिळाला.