ग्रँट डफ : परक्याच्या लेखणीतील आपला इतिहास

मराठ्यांच्या इतिहासाची चर्चा निघाली की ग्रँट डफचे नाव निघाल्यावाचून राहत नाही, आणि ते बहुधा नाक मुरडूनच घेतले जाते. आम्हीही ते आजवर तसेच घेत आलो. परंतु ज्याच्या चुका दाखविता दाखविता महाराष्ट्र आपला इतिहास लिहावयास शिकला, त्या गृहस्थाचे चरित्र एकदा शांतपणे न्याहाळावे, असे मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षी आम्हांस वाटले.

जेम्स ग्रँटचा जन्म स्कॉटलंडातील बॅन्फ या गावी ८ जुलै १७८९ रोजी झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. ॲबर्डीन येथे शिक्षण चालू असता कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीत शिरावे असा बेत होता. पण वाट पाहत बसण्याचा धीर त्या तरुणास नव्हता. १८०५ साली तो लष्करी उमेदवार म्हणून मुंबईस आला. १८०८ मध्ये काठेवाडातील मालिया गढीवरील हल्ल्यात त्याने शौर्य गाजविले. अंगी फारसीचे ज्ञान असल्याने पलटणीत दुभाष्याचे कामही त्याच्याकडे आले. हे गुण हेरून एल्फिन्स्टनने त्यास पुण्याच्या रेसिडेन्सीत आपल्या हाताखाली घेतले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर मराठी घोडदळ चाल करून आले, ते दृश्य त्याने स्वतः पाहिले.

पेशवाई बुडाली आणि १८१८ मध्ये साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी या कॅप्टनची नेमणूक झाली. महाराज पंचविशीचे, कॅप्टन तिशीच्या उंबरठ्यावर. चार वर्षे राज्यकारभाराची घडी बसवून १८२२ मध्ये त्याने तो महाराजांच्या हाती सोपविला. आम्हां रायपूरकरांना येथे एक योगायोग आठवतो. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगडावर याच सुमारास ॲग्न्यू नावाचा इंग्रज अधिकारी आला. त्याने १८१८ मध्ये कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले आणि १८२० मध्ये या सुभ्याचा तपशीलवार अहवाल लिहिला. जिंकलेला मुलूख राखावयाचा तर त्याचा पूर्ववृत्तान्त ठाऊक हवा, ही जाण त्या काळच्या इंग्रज सेनाधिकाऱ्यांस होती. आपल्याकडे तेव्हा रुमाल बांधलेले होते, ते सोडून वाचणारे मात्र थोडे होते.

ग्रँटने ते सोडविले. पेशव्यांचे दप्तर, सातारकरांचे कागद, वतनदारांच्या घरच्या बखरी, मुंबईची सरकारी दप्तरे, गोव्याच्या पोर्तुगीजांकडील पत्रे, जे मिळेल ते त्याने जमविले. दिवसाची नोकरी सांभाळून हा व्याप चाले. डोके तासन्‌तास दुखे, तरी लेखणी थांबत नसे. अखेर प्रकृतीने दगा दिला आणि तो मायदेशी परतला. १८२५ मध्ये मातुल घराण्याकडील ईडनची जहागीर वारशाने मिळाली, तेव्हा त्याने डफ हे आडनाव जोडले. १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात त्यास नफा तर नाहीच, उलट पदरमोड सोसावी लागली.

ग्रंथ सैनिकाचा आहे, हे पानोपानी कळते. घाटवाटा, किल्ले, छावण्या, रसदीची ओढाताण यांचे त्यास मर्म कळे. बंगालवर चालून गेलेल्या भास्करराम कोल्हटकरांची मोहीमही त्याने नोंदविली आहे. हेच भास्करपंत १७४१ मध्ये रतनपुरास आले आणि छत्तीसगडात मराठी अंमलाचा पाया पडला. परंतु सैनिकाची दृष्टी हीच त्याची मर्यादाही ठरली. लढाया आणि तह त्यास दिसले. संतांनी घडविलेले लोकमानस दिसले नाही. मराठ्यांचा उदय त्यास सह्याद्रीतल्या वाळल्या गवतास लागलेल्या वणव्यासारखा अवचित भासला.

ग्रंथाचे मराठी रूपांतर कॅप्टन केपनने लवकरच केले आणि एक पिढी ती बखर शाळेत वाचून मोठी झाली. मग नीलकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतील तरुणाने १८६७-६८ मध्ये डफच्या उणिवा निर्भीडपणे दाखविल्या. पुढे १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी वणव्याच्या कल्पनेस ग्रंथरूपाने उत्तर दिले. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले, आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

डफने हे सारे पाहिले नाही. सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये खालसा झाल्याचे मात्र त्याच्या हयातीतच घडले. २३ सप्टेंबर १८५८ रोजी, कंपनीचा अंमल संपला त्याच वर्षी, तो निवर्तला.

त्याचे निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीत, पण त्याची चिकाटी मान्य केलीच पाहिजे. डफने ज्या कागदांवरून लिहिले, त्यांतील कित्येक पुढे नाहीसे झाले. आता काही ठिकाणी त्याचा ग्रंथ हाच आधार उरला आहे. भोसल्यांच्या काळापासून या मुलखात मराठी घरे रुजली. त्यांच्या माळ्यावर आजही सनदा, वंशावळी, जमाखर्चाच्या वह्या वाळवीची वाट पाहत असतील. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्यांचा इतिहास महाराष्ट्रातील दप्तरांत पुरता सापडणार नाही. तो आपल्याच पेट्यांत आहे. त्या पेट्या उघडण्यास पुन्हा कोणी परका कॅप्टन येण्याची वाट आपण पाहू नये, एवढीच आमची विनंती आहे.