रकाने लिहिणारे बाबासाहेब

घटनाकार म्हणून बाबासाहेबांना तुम्ही ओळखता. ते वर्तमानपत्रात सदरे लिहीत, हे मात्र आपल्या घरांतून क्वचितच बोलले जाते. म्हणून हे पाक्षिक मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब अमेरिकेत शिकून आले आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या काळी पत्रे पुष्कळ होती, पण अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्याला त्यांत जागा नव्हती. म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक निघाले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने तर पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायचे नाकारले! बाबासाहेब लंडनला शिकायला गेले आणि पुढे ते पत्र बंद पडले.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्राशन केले. सनातनी पत्रांनी झोड उठवली. दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. अग्रलेख बाबासाहेबांचे, ‘आजकालचे प्रश्न’ व ‘प्रासंगिक विचार’ ही सदरेही त्यांचीच. ‘भाला’कारांना उत्तर देणारेही तेच. हाताखाली लेखक नाही. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरायचे. वर्गणीदार थोडे, त्यातही वर्गणी थकलेली. (ही खोड आपल्यातून अजून गेलेली नाही, हे सांगणे भाग आहे.) नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही पत्र थांबले.

रकाने लिहून काय होते, असे तुम्ही विचाराल. महारवतनाचेच घ्या. इनामाचा एक तुकडा आणि थोडे बलुते, त्याच्या बदल्यात सारे घर रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे चाकर! आपल्या वडीलधाऱ्यांना तो मान वाटे. ही गुलामगिरी आहे, हे त्यांनी १९२७ सालीच लेखांतून उलगडून दाखवले. १९ मार्च १९२८ रोजी तोच विषय विधेयक होऊन मुंबईच्या कौन्सिलात गेला. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले, पण विषय त्यांनी सोडला नाही. १९३० साली ‘जनता’ निघाले. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. महार आणि मांग एका मांडवाखाली बसले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत वतनाचा विषय असा पोहोचला. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्याने १९५८ साली केला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. बुद्धाच्या वाटेचे सूचन त्या नावातच होते. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. ‘प्रबुद्ध भारत’ त्यांच्या मागेही काही वर्षे निघत राहिले.