मुंबईची वेळ आणि सर फिरोजशहा मेहता

आपल्या कुपवाडास सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा घड्याळात सरासरीने साडेबारा वाजलेले असतात. कारण आपल्या घड्याळातील बारा हे कुपवाडचे नसून, पुष्कळ पूर्वेस असलेल्या साडेब्याऐंशी रेखांशावरचे आहेत. ही एकच वेळ साऱ्या देशास लागू होत असता मुंबईच्या वतीने जो पुरुष आडवा उभा राहिला, त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणावे.

फिरोजशहा मेहता यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईस एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातील अभ्यास संपवून ते विलायतेस गेले. तेथे त्यांस दादाभाई नवरोजींचा सहवास घडला. १८६८ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. वकिलीत त्यांनी द्रव्य व कीर्ती दोन्ही मिळविली, तथापि त्यांचे मन रमले ते मुंबई शहराच्या कारभारात. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यावर त्यांच्या बुद्धीची छाप आहे. १८९० साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष झाले आणि १९०४ साली त्यांस 'सर' ही पदवी मिळाली.

त्या काळी गावोगावी सूर्यावरून वेळ धरीत. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने चाले, आणि ती मुंबईच्या पुढे अर्धा तास. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली. लोकांनी ती मानली नाही आणि १८८३ साली तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास अशी प्रमाणवेळ सरकारने सुरू केली. मुंबईचे घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे सारावयाचे होते. ज्याला पहाटे गिरणीच्या भोंग्यावर धावावयाचे, त्याच्या झोपेतूनच ती मिनिटे जाणार! गिरणीकामगारांत मोठी खळबळ उडाली.

कॉर्पोरेशनात मेहतांनी या बदलास विरोध केला. सरकारने लोकांस विश्वासात घेतले नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यांची बाजू टिकली आणि शहरात दोन वेळा चालू राहिल्या : गाडी एका घड्याळाने सुटे, तर क्रॉफर्ड मार्केटचे घड्याळ दुसरीच वेळ सांगे. व्यापाराच्या व दळणवळणाच्या दृष्टीने एकच वेळ सोयीची, हे आमच्या मते निर्विवाद आहे. परंतु लोकांच्या दिनचर्येत हात घालण्यापूर्वी त्यांस विचारावे की नाही, हा मेहतांचा प्रश्न त्या सोयीने सुटत नाही.

असाच घोटाळा आजच्या संगणकातही होतो, हे सांगितल्यास मुलांस मौज वाटेल. यंत्र बंद असतानाही त्यातील एक घड्याळ लहानशा बॅटरीवर चालत असते. लिनक्स ही प्रणाली बहुधा त्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि पडद्यावर दाखविताना साडेपाच तास मिळविते; विंडोज ही प्रणाली तेथे स्थानिक वेळच लिहून ठेवते. एका यंत्रावर दोन्ही नांदू लागल्या म्हणजे घड्याळ साडेपाच तासांनी चुकते. घड्याळ बिचारे निर्दोष असते; त्यातील आकडा कोणत्या गावचा, याविषयी दोघींचे एकमत नसते, इतकेच.

१९०७ च्या निवडणुकीत मेहतांस कॉर्पोरेशनातून घालविण्याचा जोराचा प्रयत्न झाला, पण तो फसला. १९१३ साली त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' हे पत्र काढले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९२३ साली कॉर्पोरेशनच्या इमारतीपुढे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. समोरच बोरीबंदरचे स्टेशन आहे. तेथील गाड्या प्रमाणवेळेने सुटत राहिल्या, आणि मुंबईची निराळी वेळ पुढे १९५५ पर्यंत टिकली.