राजा, प्रतिनिधी आणि प्रजा : औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

१९३५ साली महाराष्ट्र साहित्य संमेलन होळकरांच्या राजधानीत, इंदुरात भरले. अध्यक्षस्थानी होते औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. माळव्यातील मराठी मंडळींना राजे अपरिचित नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा संसार राजेरजवाड्यांच्या छायेतच चालला होता. परंतु संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारा, स्वतः कुंचला धरणारा, हातात चिपळ्या घेऊन कीर्तनाला उभा राहणारा आणि पहाटे सूर्यनमस्कार घातल्यावाचून दिवस सुरू न करणारा राजा ही काही नेहमीची गोष्ट नव्हे. त्या वेळी कोणाला कल्पनाही नसेल की अवघ्या चार वर्षांनी हाच राजा आपली राजसत्ता आपल्या हाताने लिहून देणार आहे.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ सालचा. ज्या घराण्यात ते जन्मले त्याच्या नावातच एक इतिहास दडलेला आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीच्या धामधुमीत प्रतिनिधी हे पद निर्माण केले. प्रतिनिधी म्हणजे राजाच्या वतीने, राजाच्या अधिकाराने कारभार पाहणारा. किन्हईचे परशुराम त्रिंबक यांच्या पराक्रमाने हे पद या घराण्यात आले आणि स्थिरावले. म्हणजे या घराण्यातील पुरुष दोनशे वर्षे प्रतिनिधी म्हणवून घेत आले ते राजाचे. प्रजेचा प्रतिनिधी हा या शब्दाचा दुसरा अर्थ आज शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. पण तो अर्थ आपल्याकडे रुजायला विसावे शतक उजाडावे लागले. बाळासाहेबांचे आयुष्य या दोन अर्थांच्या मधल्या वाटेवर गेले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

गादी त्यांच्याकडे सरळ चालत आली नाही. वडिलांच्या हयातीत त्यांनी चिटणिशी केली, कारभाराचे धडे घेतले. वडिलांमागून थोरले बंधू आणि त्यांच्यामागून पुतणे गादीवर आले. या पुतण्यांना ब्रिटिश सरकारने पदच्युत केले आणि १९०९ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांना गादीवर बसविले. राजाला बसविणारा आणि उठविणारा कोणी तिसराच असतो, हे सत्य त्यांनी आपल्या घरातच पाहिले होते. संस्थानिकांच्या सत्तेचा पोकळपणा त्यांना ग्रंथ वाचून कळला नाही.

औंध संस्थान लहान. सुमारे पाचशे चौरस मैलांचा मुलूख, बहात्तर गावे, पाऊण लाखाहून थोडी अधिक वस्ती. तोही मुलूख सलग नाही. औंध साताऱ्याकडे, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला, आटपाडी माणदेशाच्या दुष्काळी माळावर आणि गुणदाळ तर थेट विजापुराकडे, कानडी बोलणाऱ्या भागात. अशा तुटक्या, कोरड्या आणि गरीब संस्थानात बाळासाहेबांनी जे केले त्याची यादी मोठी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर जागा आणि भांडवल देऊन त्यांनी कारखान्याचा पाया घालू दिला. तीच पुढची किर्लोस्करवाडी. सरकारच्या रोषास पात्र झालेल्या पंडित सातवळेकरांना औंधात आसरा मिळाला आणि त्यांच्या वेदविषयक ग्रंथांचे काम तेथे वर्षानुवर्षे चालले. औंधच्या शाळेत साने गुरुजी काही काळ शिकले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प भांडारकर संस्थेने सोडला त्यामागे बाळासाहेबांची प्रेरणा आणि एक लक्ष रुपयांच्या देणगीचे वचन होते. १९३८ साली त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत काय काय आहे, हे एकदा जाऊन पाहण्यासारखे आहे.

या साऱ्या गोष्टी उत्तम राजाच्या गोष्टी आहेत. त्यात लोकशाही कोठेच नाही. औंधच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे होते. मुलांची शरीरे त्यामुळे सुधारली असतील, त्यात शंका नाही. परंतु ती राजाच्या हुकुमाने सुधारली. रयतेच्या कल्याणाचा मार्ग राजाला कळतो आणि रयतेने त्या मार्गाने चालावे, हीच यामागची धारणा होती. ज्या काळी कित्येक संस्थानिक युरोपातील शर्यतींवर आणि हिऱ्यांवर खजिने उधळीत होते, त्या काळी असा राजा मिळणे हे प्रजेचे भाग्यच. पण भाग्य आणि हक्क यांत फरक आहे. चांगल्या राजाच्या पोटी कसा राजा येईल, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. बाळासाहेबांच्या मोठेपणाची खरी कसोटी येथेच लागते. आपल्या चांगुलपणावर प्रजेने विसंबून राहू नये, असे वाटणारा सत्ताधीश विरळा असतो आणि ते सत्तरीच्या उंबरठ्यावर वाटणारा तर त्याहून विरळा.

हा पालट घडविण्यात दोन तरुण माणसांचा वाटा मोठा होता. एक त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब. ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन ते परतले होते. दुसरे मॉरिस फ्रिडमन या नावाचे पोलिश अभियंते. बंगळूरच्या सरकारी वीजसाहित्य कारखान्याचे ते प्रमुख होते. गांधीविचाराने भारलेले, भगवी वस्त्रे धारण केलेले. (निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे पुढे इंग्रजीत नेऊन जगभर पोहोचविणारे ते हेच.) या दोघांच्या संगतीत बाळासाहेबांचा विचार पक्का झाला. १९३८ च्या नोव्हेंबरात आपल्या वाढदिवसाच्या समारंभात त्यांनी प्रजेला पूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याचा मनोदय जाहीर केला. मसुदा घेऊन मंडळी गांधीजींकडे गेली. गांधीजींनी तो बारकाईने पाहिला, त्यात फेरफार सुचविले आणि राजाने स्वतः साधेपणाने राहून प्रजेचा पहिला सेवक व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. बाळासाहेबांनी आपल्या खासगी खर्चाला मर्यादा घालून घेतली. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य-घटना अमलात आली.

त्याच महिन्यांत राजकोटला काय चालले होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज या घटनेचे मोल कळणार नाही. तेथील ठाकोरसाहेबांनी १९३८ च्या डिसेंबरात वल्लभभाईंशी करार करून सुधारणांचे वचन दिले, थोड्याच दिवसांत ते मोडले आणि मार्चमध्ये गांधीजींना उपोषणास बसावे लागले. हैदराबादेत, म्हैसुरात, त्रावणकोरात जबाबदार राज्यपद्धतीसाठी माणसे तुरुंगात जात होती. लोक मागत होते आणि राजे नाकारीत होते. औंधात मागणीचा रेटा यायच्या आधीच राजा देण्यास पुढे सरसावला होता.

घटनेची रचना खालून वर चढणारी होती. प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या प्रमुखांतून तालुका समिती. तालुका समित्यांतून संस्थानचे विधिमंडळ आणि त्याला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ. महसुलाचा मोठा वाटा गावाकडे आणि तालुक्याकडे राहावा, शाळा, विहीर, रस्ता यांचा निर्णय तेथेच व्हावा आणि किरकोळ तंट्यांसाठी कुणब्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, असा हेतू होता. वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे यांपायी जमीन गहाण पडलेल्या शेतकऱ्याला या एका गोष्टीचे महत्त्व सांगावे लागत नाही. ज्या विहिरीचे पाणी आपण प्यायचे तिचा हिशेब आपल्याच पारावर वाचला जातो, हे लोकशाहीचे सर्वांत सोपे आणि सर्वांत बलवान रूप होय. मोठमोठ्या विधिमंडळांना ते साधत नाही.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतींवाचून, शेती करीत, कुटुंबासह राहू द्यायचे, असा तो प्रयोग. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे हीच हकिकत आहे. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर औंध संस्थानच्याच मातीतले. अडाणी खेडुताच्या हाती कारभार देणे आणि खुन्याच्या हाती कोयता देणे या दोन्ही गोष्टी शहाण्या मंडळींना सारख्याच वेडेपणाच्या वाटल्या असणार. दोन्हींच्या मुळाशी एकच श्रद्धा होती : माणसावर जबाबदारी टाकली की तो तिला पात्र होऊ लागतो. आधी पात्रता सिद्ध करा, मग अधिकार मागा, हे ब्रिटिशांचे पालुपद होते. औंधने ते उलटे करून दाखविले.

तथापि हा प्रयोग निर्दोष होता असे म्हणणे बाळासाहेबांच्या स्मृतीला शोभणारे होणार नाही. पहिला दोष त्याच्या जन्मातच होता. हे स्वराज्य मिळविलेले नव्हते, दिलेले होते. जे मागून, भांडून मिळते त्याची राखण माणूस डोळ्यांत तेल घालून करतो. जे दानात येते त्याबद्दल तो कृतज्ञ राहतो, आणि कृतज्ञ माणसाला दात्यापुढे नाही म्हणणे जड जाते. लोकशाहीला तर नाही म्हणणारी माणसे हवी असतात. पुढे संस्थानचे प्रधानपद आप्पासाहेबांकडे आले. त्यांची योग्यता वादातीत होती; पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून त्यांनी ती जगाला दाखविली. पण राजाचा पुत्रच प्रधान व्हावा आणि ते कोणाला खटकू नये, यावरून जुन्या सवयी किती खोल असतात ते दिसते.

दुसरा दोष रचनेत होता. विधिमंडळातील सभासद मतदाराने थेट निवडलेला नसे. मधल्या दोन पायऱ्या ओलांडून त्याला जाब विचारणे सामान्य माणसाला कठीणच. आणि सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे खुद्द गावात, सारे समान होते काय? ज्या गावात सावकाराच्या वहीत निम्म्या गावाचे अंगठे असतात, ज्या गावात महारवाडा वेशीबाहेर असतो, त्या गावाचे एकमत हे कित्येकदा दुबळ्याच्या मौनाचे दुसरे नाव असते. १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याला राज्यरचनेचा पाया मानण्यास कडाडून विरोध केला तो याच अनुभवाच्या बळावर. गांधीजींना खेड्यात स्वराज्याचे बीज दिसत होते, आंबेडकरांना तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा जाच दिसत होता. दोघांचेही पाहणे खरे होते. औंधची बहात्तर गावे या दोन सत्यांच्या मधोमध उभी होती आणि त्यांना पुरता वेळ मिळाला असता तर त्यांनी या वादाला काय उत्तर दिले असते, हा प्रश्न मनात रेंगाळत राहतो.

वेळ मात्र मिळाला नाही. घटनेला वर्ष व्हायच्या आत महायुद्ध पेटले. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची चळवळ उभी राहिली आणि कुंडल तिचे महत्त्वाचे ठाणे बनले. ब्रिटिश हद्दीत पाठलाग झालेल्या भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळे. वरिष्ठ सत्तेची वक्रदृष्टी होती, आणि ज्या सत्तेने पुतण्याला गादीवरून उतरविले ती काकालाही उतरवू शकत होती, हे बाळासाहेब जाणून होते. तरीही त्यांनी दिलेला शब्द आणि दिलेली सत्ता परत घेतली नाही. राजकोटच्या ठाकोरांना जे नऊ आठवडेही जमले नाही, ते औंधच्या वृद्ध राजाने नऊ वर्षे निभावले.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. बाळासाहेबांनी त्यात आडकाठी केली नाही; सोडण्यासारखे फारसे त्यांनी स्वतःजवळ ठेवलेच नव्हते. गमावले ते गावांनी. प्रांताच्या कायद्यात औंधच्या पंचायतींची ती रचना बसत नव्हती. राज्यघटनेत पंचायतींचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्वांत चाळीसाव्या कलमापुरता राहिला; महाराष्ट्रात पंचायत राज्य १९६२ च्या १ मे रोजी आले आणि गावपंचायतीला राज्यघटनेचे खरे संरक्षण मिळाले ते १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने. त्या दुरुस्तीने अनुसूचित जातींसाठी आणि स्त्रियांसाठी जागा राखल्या. औंधच्या पारावर जी उणीव होती ती भरून काढायची तजवीज कायद्यात व्हायला अर्धे शतक लोटले.

विलीनीकरणानंतर औंधची गावे विखुरली. औंध सातारा जिल्ह्यात राहिले, कुंडल आणि आटपाडी पुढे सांगली म्हणून ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यात गेली, आणि गुणदाळ विजापुरासह १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले. सत्ता सोडलेला राजा आपल्या चित्रांत, कीर्तनात आणि नमस्कारांत रमला. १९५१ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, ऑक्टोबरात, स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान सुरू झाले. पुढच्या काही महिन्यांत औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ येथील माणसे मतपेट्यांपुढे रांगेत उभी राहिली.